पेटीला आधी एक उन्हाळा काढू द्या

पत्र : ताई, मी जुळे सोलापुरात राहतो. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो, आता घरीच असतो. नात आठवीत आहे. आषाढात आमच्या न्हाणीघरात दोन झाडबेडूक आले. तपकिरी, पाठीवर काळपट ठिपके, भिंतीला चिकटून बसणारे. नातीनं ते बरणीत ठेवलेत, झाकणाला भोकं पाडून. घरात प्लायवुडची जुनी शोकेस आहे, सरकत्या काचेच्या दारांची. तिच्यात माती, झाडं आणि एक छोटा धबधबा करून बेडूक ठेवावेत असं मनात आहे. हाताला काम मिळेल. नात म्हणते, पुण्याचा एक जण ऑस्ट्रेलियाचे हिरवे बेडूक विकतो आणि लक्झरीनं पाठवतो, तेही दोन मागवू, चौघं एकत्र राहतील. आमच्या मंडळींचं म्हणणं, घरात पाली कमी आहेत काय? माझं वय 67. हे करावं का, आणि केलं तर कसं? एक राहिलं. मला तंबाखूची सवय आहे. नात म्हणते, तंबाखूचा हात बेडकाला चालत नाही. खरं का? — आप्पा

उत्तर :

आप्पा, जरूर करा, फक्त क्रम उलटा करा. तुम्ही बेडकापासून सुरुवात केलीत आणि आता त्याच्यासाठी घर शोधताय. सोलापुरात हा क्रम चालत नाही. इथं आधी पेटी बनवायची, तिच्यात झाडं रुजू द्यायची आणि मग ती पेटी बेडकाविना मार्च ते मे चालवून बघायची. मेमधल्या दुपारी चार वाजता आतलं तापमान 30 अंशांच्या आत राहिलं, तर पुढच्या पावसाळ्यात बेडूक आणा. नाही राहिलं तर हॉलमध्ये एक देखणी झाडांची पेटी असेल आणि कुणाचा जीव गेलेला नसेल.

बरणीतले दोघं आजच संध्याकाळी सोडा. तुमच्या वर्णनावरून ते आपले साधे भारतीय झाडबेडूक वाटतात, शास्त्रीय नाव पॉलिपेडॅटिस मॅक्युलॅटस. बोटांच्या टोकांना चकत्या असतात आणि मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके. पाय ताणला की ते दिसतील, नातीला दाखवा आणि मग सोडा. हे बेडूक न्हाणीघरात चुकून आलेले नाहीत. बाहेर कोरडं पडलं की ओल आणि सावली धरून बसायचं, हात-पाय अंगाखाली दुमडून अंगातलं पाणी राखायचं आणि रात्री किडे टिपायला बाहेर पडायचं, हा त्यांचा नेहमीचा बेत. सोलापूरच्या हवेत कसं जगायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. बरणीत मात्र त्यांना यातलं काहीच करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकार या शब्दात वन्यप्राणी पकडणंही येतं, हेही नातीला सांगून ठेवा. आठवीतल्या मुलीला ते कळतं.

सोडताना लांबच्या तळ्यावर नेऊ नका. कंबर तलाव बेडकांचा असेल, पण या दोन बेडकांचा नाही. जिथं सापडले तिथंच, न्हाणीघराच्या मागं, अंधार पडल्यावर सोडा. नातीला ते बघायचेच असतील तर मागच्या दाराचा दिवा रात्री तासभर चालू ठेवा. दिव्याला किडे येतील आणि किड्यांमागं हे येतील. पावसाळी रात्री टक् टक् टक् असा लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला तर तो नराचा. टाकीच्या आतल्या भिंतीला किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर तो घासून काढू नका. ती अंडी असतात. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात.

आता ऑस्ट्रेलियाचे. विक्रेते ज्याला डंपी म्हणतात तोच हा असणार, व्हाइट्स ट्री फ्रॉग. घरात पाळण्यासाठी झाडबेडकांमध्ये सगळ्यात सोशिक हाच, यात वाद नाही. शांत, जाडगेला, हिरवा, वाढला की दहा सेंटीमीटरपर्यंत जातो. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, त्यामुळे कोरडे महिने त्याला नवे नाहीत. मध्य अमेरिकेच्या दमट जंगलातला लाल डोळ्यांचा बेडूक दिसायला फार सुंदर, पण सोलापुरात त्याचा हट्ट नको. शिवाय तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या यादीत, म्हणजे साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात, 2010 पासून आहे. अशा प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. व्हाइट्स ट्री फ्रॉग त्या यादीत नाही, म्हणून बिल आणि उगम विचारायचाच नाही असं मात्र नव्हे. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत वन्यप्राणी धंद्यासाठी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे बाजारातला बेडूक एकतर बंदिवासात जन्मलेला असतो, नाहीतर कुठल्या तरी दुसऱ्या देशातून पकडून आणलेला. विक्रेत्याला सरळ विचारा : कुणाकडे जन्मला, आई-बाप कुठं आहेत, फोटो आहे का? उत्तर गोलगोल आलं तर व्यवहार नको. आणि लक्झरीच्या डिक्कीतून डब्यात घालून पाठवतो म्हणणाऱ्याकडून फुकटही घेऊ नका. पुण्याला जाऊन, बघून, खाताना बघून, स्वतः घेऊन या.

चौघं एकत्र हा विचार मात्र पूर्ण सोडा. मोठा बेडूक लहानाला गिळतो, यात त्याला काही वावगं वाटत नाही. त्याहून मोठी अडचण रोगाची आहे. कायट्रिड नावाची बुरशी पाळीव बेडकांच्या व्यापारातून जगभर फिरली आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्यामुळे घटलेल्या उभयचरांच्या जाती किमान 501 निघाल्या आणि त्यातल्या 90 नामशेष झाल्या असं मानलं गेलं. विकत घेतलेला बेडूक तब्येतीनं ठणठणीत दिसला तरी ती अंगावर वागवत असू शकतो. म्हणून परदेशी बेडूक आणि न्हाणीघरातले पाहुणे यांची गाठ कधीच पडता कामा नये. पेटीतलं घाण पाणीसुद्धा बागेत, गटारात किंवा विहिरीकडे ओतू नका, संडासात ओता. आणि कंटाळा आला म्हणून सिद्धेश्वर तळ्यात नेऊन सोडणं हा तर गुन्हाच समजा.

आता शोकेस. तिच्यावर तुमचा जीव आहे हे पत्रावरून कळतं, पण ती या कामाची नाही. प्लाय ओलाव्यानं फुगतं, थर सुटतात, आणि जुन्या फर्निचरवर वॉर्निश आणि वाळवीचं औषध किती वेळा मारलं गेलंय ते तुम्हालाच ठाऊक. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषतो. त्यामुळे पृष्ठभागावर जे असेल ते त्याच्या अंगात जातं. शोकेसच्या काचा मात्र काढून घ्या, त्या चालतील. दोन-तीन मोठ्या बेडकांना 45 सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि 60 उंच पेटी हवी. उंची महत्त्वाची, कारण हे प्राणी जमिनीवर कमी आणि फांदीवर जास्त बसतात. काच 5 मिलीमीटर, कडा घासून घेतलेल्या. चौकट हवी तर अॅल्युमिनियमच्या सेक्शनची करून घ्या, खिडक्या बनवणारा कारागीर तासाभरात कापून देईल.

जोडायला मत्स्यपेटीचं सिलिकॉन वापरा. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते नको. लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, पेटी उघडी ठेवा. सरकती दारं ठेवणार असाल तर एक गोष्ट डोक्यात असू द्या : दोन काचा एकमेकींवर येतात तिथं फट राहते. डोळ्यांना ती काहीच वाटत नाही, पण त्यातून खाण्यासाठी आणलेले रातकिडे हॉलभर होतील आणि मंडळींचा विरोध कायमचा पक्का होईल. पारदर्शक पट्टी लावून ती फट बुजवा. एका बाजूला खाली आणि वर छतावर अशी दोन ठिकाणी जाळी हवी, म्हणजे खालची थंड हवा आत आणि वरची कोंडलेली बाहेर. जाळी स्टेनलेस स्टीलची, बारीक विणीची घ्या. डासांची नायलॉन जाळी रातकिडे कुरतडतात आणि जाड तारेच्या जाळीवर बेडूक नाक घासून सोलून घेतो.

धबधबा काढून टाका. ऐकायला छान वाटतो, पण पंपाच्या पाण्यात विष्ठा साठते, बेडूक त्याच पाण्यात बसतो, आणि तुम्ही रोज गाळणी धुवत बसता. त्याऐवजी कुंभाराकडून रुंद मातीचं परळ आणा, न रंगवलेलं. बेडूक आत बसला तरी डोकं बाहेर राहील इतकंच खोल. मातीतून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे ते थंडही राहतं आणि पेटीत ओलही देतं.

तळाशी आधी दोन इंच विटांचे धुतलेले तुकडे. त्यावर जाळी. मग माती, आणि ही माती शेतातली काळी मुळीच नको. आपली काळी माती भिजली की चिखल आणि वाळली की भेगा. निचरा नाही, मुळं कुजतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घ्या, पण त्यात मीठ असतं, म्हणून दोन-तीन वेळा भिजवून पिळून टाका. त्यात थोडी धुतलेली नदीची वाळू मिसळा. वर वाळलेल्या पानांचा थर : देशी बदामाची पानं उत्तम, आंब्याचीही चालतील, झाडावर औषध मारलेलं नसलं म्हणजे झालं. कुजक्या पानांखाली उड्या मारणारे सूक्ष्म पांढरे किडे आणि हात लावला की गोळी होऊन बसणारे करडे किडे सापडतात. ते थोडे आणून या मातीत सोडा. विष्ठा आणि कुजलेली पानं ते खातात, बुरशी आटोक्यात ठेवतात. मला या सगळ्या उद्योगात हे किडेच जास्त आवडतात, बेडूक दिवसभर झोपलेला असतो.

झाडांबद्दल फार लिहीत नाही. मनीप्लँट, सिंगोनियम, सान्सेवेरिया, एवढ्यावर भागतं. हा बेडूक जड असतो, नाजूक फर्नवर बसून त्याची चटणी करतो. मनीप्लँटचं कटिंग शेजाऱ्याकडून घ्या. नर्सरीतून काही आणलंत तर कुंडीतल्या रंगीत खताच्या गोळ्या काढा, मुळं धुवा आणि महिना-दीड महिना बाहेरच ठेवा. नर्सरीवाला कीटकनाशक मारतो, आणि त्याचं त्यात काही चुकत नाही, त्याच्या गिऱ्हाइकांच्या घरी बेडूक नसतात.

पाण्याचं जरा नीट वाचा, कारण इथं सोलापूरचं वेगळं पडतं. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते बेडकाच्या कातडीला झोंबतं. बाकीच्या गावांत सांगतात, पाणी चोवीस तास उघडं ठेवा. आपल्याकडे पाणी रोज येतच नाही, त्यामुळे शिळं पाणी प्रत्येक घरात असतं आणि ही अडचण आपोआप सुटल्यासारखी वाटते. पण त्या साठवणीच्या पाण्यातच खरा धोका आहे. आरोग्य खात्याची माणसं डेंग्यूच्या अळीसाठी बॅरलमध्ये अॅबेट नावाचं अळीनाशक टाकून जातात. ते माणसासाठी ठरवलेल्या मापात असतं, पण बेडूक त्या पाण्यात तासन्‌तास बसतो. तुरटी फिरवलेलं पाणीही नको. म्हणून बेडकाची एक वेगळी बादली करा, झाकणाची. पाणी येईल त्या दिवशी भरायची, मत्स्यपेटीसाठी मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब घालायचे, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. परळातलं पाणी रोज बदला. फवारायला फिल्टरचं आरओ पाणी चालेल, काचेवर क्षारांचे पांढरे डाग पडणार नाहीत. बोअरच्या पाण्यानं दोन आठवड्यांत काच अशी होते की आतलं काही दिसत नाही.

तंबाखूचं तुमची नात खरं सांगते. निकोटीन कातडीतून जातं. एके काळी तंबाखूचा काढा पिकावर कीटकनाशक म्हणून मारत असत. त्यात तुम्ही चुना मळता, तो दाहक. तंबाखू मळलेल्या हातानं बेडकाला, परळाला, फवाऱ्याच्या बाटलीला, कशालाही हात लावायचा नाही. नुसता हात चोळून चालणार नाही आणि साबण लावून तसाच हातही चालणार नाही, साबणही कातडीला वाईट. साबणानं धुवा, मग साध्या पाण्यानं खळखळून, आणि शेवटी बादलीतल्या पाण्यानं ओला करा. सवय सोडायला हे निमित्त पुरतंय का बघा, मी आग्रह करत नाही. बेडकाला हात लावायची वेळ तशीही महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच यावी. हा मांडीवर घेऊन बसायचा प्राणी नव्हे. हाताळल्यावर नातीनंही साबणानं हात धुवायचेच, कारण बेडकाच्या अंगावर पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये जाणार नाहीत हे मंडळींना आधीच कबूल करून टाका, अर्धा विरोध तिथंच मावळेल.

घरातली बाकीची विषंही मोजा. डासांची कॉइल, भिंतीत खोचायचं लिक्विड, मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे : पेटी असेल त्या खोलीत यातलं काहीही नाही. पलंगाला मच्छरदाणी लावा. महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की त्या बाजूच्या खिडक्या बंद, पेटीवर ओली चादर, आणि वास जाईपर्यंत तशीच ठेवायची. देवघर हॉलमध्येच असेल तर पेटी दुसऱ्या खोलीत न्या, धूप-उदबत्तीच्या धुरात रोज बसणं त्याला मानवणार नाही. देवाला हलवा असं मी म्हणणार नाही.

आणि आता उन्हाळा. व्हाइट्स ट्री फ्रॉगला दिवसा 24 ते 29 अंश बरं वाटतं, रात्री थोडं उतरलं तर चांगलंच. थंडीत सोलापूरला घराच्या आत फार गार होत नाही, त्यामुळे हीटर विकत घेऊ नका, विक्रेता कितीही म्हणो. अडचण एप्रिल-मेची. बाहेर पारा 42-43 ला टेकतो, स्लॅबखालची खोली रात्री बारापर्यंत धगधगत असते, आणि त्यात काचेची पेटी. म्हणून पेटीची जागा सगळ्यात आधी ठरवा : तळमजला, उत्तरेची भिंत, पश्चिमेची कधीच नाही, आणि थेट ऊन पाच मिनिटंही नको. काचेच्या पेटीवर ऊन आलं की ती भट्टी होते.

आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे, तो घ्या. हवा जितकी कोरडी तितकं ओलं कापड जास्त थंड होतं. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ओल्या कापडाचं तापमान वाऱ्याला 24 च्या आसपास उतरू शकतं. पेटीत एवढं उतरणार नाही, पण चार-पाच अंशही पुष्कळ. सोलापुरात यासाठी वेगळं काही आणायला नको, घरात टॉवेल आहेतच. जुना, शंभरदा धुतलेला टॉवेल घ्या. नव्याला खळ असते आणि रंगही सुटतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. तो पेटीच्या दोन बाजूंना बाहेरून सोडा, खालचं टोक पाण्याच्या ट्रेमध्ये, आणि टेबलफॅनचा वारा टॉवेलवर. वरची जाळी उघडी राहायला हवी. छतावर कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर ओढेल असा बसवलात तर आणखी उत्तम, हे काम तुमच्या हातचं आहे. वीज गेली तर गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जाळीवर ठेवा, आत नाही. हॉलमध्ये डेझर्ट कूलर असेल तर एप्रिलमध्ये तो छान साथ देतो. जूनच्या दमट उकाड्यात मात्र कूलर आणि टॉवेल दोन्ही निकामी होतात, तेव्हा नुसता पंखा. कूलरच्या पाण्यात वासाचं किंवा डासांचं औषध टाकायची सवय असेल तर ती बंद.

हे सगळं रिकाम्या पेटीवर करून बघायचं. डिजिटल तापमापक-आर्द्रतामापक दोन घ्या, एक वर, एक तळाशी. मार्चपासून नातीनं सकाळी आठ, दुपारी चार आणि रात्री दहाचे आकडे वहीत लिहायचे. आर्द्रता दुपारी 50 ते 60 टक्के असली तरी पुरे. रोज संध्याकाळी एकदा फवारा आणि सकाळपर्यंत पानं कोरडी. सतत ओली पेटी या बेडकाला कोरडीइतकीच घातक. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत वही कोण भरतं, हेही त्या वहीवरून कळेल.

कारण हा प्राणी 15 ते 20 वर्षं जगतो. आप्पा, तुमचं वय तुम्हीच लिहिलंत म्हणून बोलते. नात चार वर्षांनी बारावी होईल, पुण्याला किंवा आणखी कुठं जाईल, आणि बेडूक इथंच राहील. रातकिडे कोण आणणार, परळ कोण धुणार? मुलगा-सून काय म्हणतात हे पत्रात कुठंच नाही. त्यांनी मान डोलावली तर चालणार नाही, तोंडानं हो म्हणायला हवं.

खाण्याचं सांगते आणि थांबते. रातकिडे हा मुख्य आहार. ते पुण्या-मुंबईहून मागवावे लागतील किंवा झाकणाला बारीक जाळी लावलेल्या प्लास्टिकच्या टबात घरीच वाढवावे लागतील, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि गाजराचे तुकडे घालून. रात्री आवाज करतात, आधीच सांगते. घरातली झुरळं आणि शेतातले नाकतोडे देऊ नका, कशावर काय मारलंय कुणी सांगावं. आपल्याकडे एक चांगली सोय आहे : जिल्ह्यात तुती लावून रेशीम घेणारे शेतकरी आहेत. रेशमाची अळी मऊ, पौष्टिक आणि कीटकनाशकाला इतकी नाजूक की फवारलेली तुती खाल्ली तर तीच आधी मरते. जिवंत, खाती अळी म्हणजे बिनविषारी अळी. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर मिळाल्या तर रातकिड्यांना जोड म्हणून द्या. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. मोठ्या बेडकाला दोन-तीन दिवसांतून एकदा चार-सहा किडे पुरतात. डोळ्यांवरची चरबीची घडी डोळ्यावर लोंबायला लागली तर समजा लाड जास्त झाले. किड्यांवर डी-3 जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची पावडर भुरभुरून द्यायची, नाहीतर हाडं मऊ पडून पाय वाकडे होतात. पानाचा चुना हे कॅल्शियमच आहे असा विचार मनात आला असेल तर तो तिथंच सोडा. वर दिव्यांत एक सौम्य यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची नळी ठेवा, दिवसाला बारा तास दिवे, रात्री पूर्ण अंधार.

नर असेल तर मिक्सर चालू झाला की तोही ओरडेल, घाबरू नका. आणलेला बेडूक पहिला महिना-दीड महिना साध्या डब्यात ओल्या कागदी टॉवेलवर ठेवा, विष्ठा आणि भूक बघा, मगच पेटीत सोडा. उभयचर बघणारा पशुवैद्य कुठं आहे, तो फोनवर बोलतो का, हे बेडूक आणण्याआधी शोधून ठेवा.

दिवाळीपर्यंत पेटी उभी करा, संक्रांतीपर्यंत मनीप्लँट काच धरेल. मेअखेरीस वहीची पानं आणि पेटीच्या जागेचा फोटो मला पाठवा. दुपारी चारचा आकडा 31-32 ला अडकला असेल तर पंखा वाढवायचा की खोली बदलायची, ते तेव्हा आकडे बघून सांगते.